तक्रार मुलाची, दुःख मैत्रिणीचे: किशोरवयीन जवळिकीचा एक प्रकरण अभ्यास

अकरावीच्या सहामाही परीक्षेचा निकाल लागल्यानंतर 16 वर्षांच्या एका मुलीला तिची आई समुपदेशनासाठी घेऊन आली. आईची तक्रार थोडक्यात अशी होती: मुलगी ढोलताशा पथकात जायला लागली आणि तिथल्या एका मुलाशी तिचे काहीतरी सुरू झाले; ते कळल्यावर घरच्यांनी फोन काढून घेतला आणि पथक बंद केले; तरीही ती नीट जेवत नाही, रात्री उशिरापर्यंत जागी असते, सारखे डोके दुखते म्हणते, आणि दहावीला उत्तम गुण मिळवणारी ही मुलगी सहामाहीत दोन विषयांत कशीबशी उत्तीर्ण झाली. "मॅडम, तो मुलगा तेवढा तिच्या डोक्यातून काढा, बाकी ती समजूतदार आहे," एवढीच आईची अपेक्षा होती. मुलगी त्या वेळी शेजारी बसून दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत होती. आईच्या म्हणण्याला तिने विरोध केला नाही आणि दुजोराही दिला नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. हे प्रकरण एकाच घरातले नाही. सारख्या स्वरूपाच्या अनेक घटनांमधील तपशील एकत्र करून ते रचले आहे, जेणेकरून कोणाचीही ओळख उघड होऊ नये. मुलीला मृण्मयी, तिच्या मैत्रिणीला सायली आणि मुलाला ओंकार म्हटले आहे; ही सर्व नावे कल्पित आहेत. घटनांचा क्रम आणि त्यामागची मानसिक गुंतागुंत मात्र पुण्यातील समुपदेशकांना वारंवार भेटणारीच आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही असे मला मनापासून वाटते म्हणून हे लेखन केले आहे.

मृण्मयी कर्वेनगरमधील एका जुन्या सोसायटीत राहते. वडील चाकणच्या वाहन-उद्योगातील एका कारखान्यात पाळीने काम करतात, आई सहकारी बँकेत नोकरीला आहे, आणि दिवसभर घरात आजी असते. पाचवी ते दहावी तिचे शिक्षण केवळ मुलींच्या शाळेत झाले. 1884 साली सुरू झालेल्या हुजूरपागेपासून पुण्यात अशा शाळांची मोठी परंपरा आहे, आणि अनेक कुटुंबे आजही विचारपूर्वक ती निवड करतात. या निवडीचा एक परिणाम असा होतो की, मुलामुलींनी एकत्र वावरण्याचा जो अनुभव इतरांना हळूहळू आणि लहान वयापासून मिळत जातो, तो या मुलींच्या वाट्याला अकरावीत एकदम येतो. आईवडिलांनी यात काही चुकीचे केले असे मुळीच नाही. पण अकरावीतील मुलीकडे पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते.

सायली त्याच सोसायटीतील समोरच्या इमारतीत राहते. पाचवीत एकाच तुकडीत आल्यापासून दोघी एकाच रिक्षाने शाळेत जात. मृण्मयीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा ती गोष्ट आईच्या आधी सायलीला कळली होती. लॉकडाउनमध्ये खाली उतरायची बंदी होती, तेव्हा दोघी समोरासमोरच्या गॅलऱ्यांमध्ये उभ्या राहून बोलत आणि आवाज पोचणार नाही असे काही असेल तर वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवत. सायलीच्या घरी आईवडिलांचे गंभीर मतभेद चालू होते, एकदा ते वेगळे राहण्यापर्यंत गेले होते, आणि ही गोष्ट घराबाहेर फक्त मृण्मयीला ठाऊक होती. या मैत्रीबद्दल मृण्मयीच्या आईला विचारले असता ती म्हणाली, "त्या दोघी काय, लहानपणापासूनच्या आहेत." तिच्या दृष्टीने ती मैत्री घरातल्या जुन्या कपाटासारखी होती, ती असणारच, म्हणून तिच्याकडे निराळे लक्ष देण्याचे कारणच कधी पडले नव्हते.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी या मैत्रीला फार मोठे महत्त्व दिले होते. त्यांच्या निधनानंतर 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी असे मांडले की, साधारण साडेआठ ते दहा वर्षांच्या वयात मुलाला आपल्याच लिंगाचा एक जिवलग सोबती हवासा वाटू लागतो, आणि त्या नात्यात आयुष्यात प्रथमच दुसऱ्याचे सुख व सुरक्षितता स्वतःच्या सुखाइतकीच महत्त्वाची वाटू लागते. तोपर्यंत मूल खेळगडी शोधत असते. आता त्याला आपले मन जाणणारे कोणी हवे असते. आपल्यातले ओंगळ, घाबरलेले, लाज वाटणारे जे काही आहे ते ऐकूनही हा सोबती आपल्याला टाकत नाही, या अनुभवातून मुलाला स्वतःबद्दलची खरी खात्री मिळते. वयात आल्यावर त्यात लैंगिक आकर्षणाची भर पडते. सलिव्हन यांच्या मते किशोरवयाचे अवघडपण नेमके इथे असते, कारण सुरक्षिततेची गरज, मनाच्या जवळिकीची गरज आणि शरीराचे आकर्षण या तिन्हींची सांगड घालायची असते आणि त्या तिघी पुष्कळदा एकमेकींच्या आड येतात. मृण्मयीच्या बाबतीत काय घडले ते समजून घेण्यासाठी मला या मांडणीचा सर्वाधिक उपयोग झाला.

दहावीनंतर दोघींची महाविद्यालये वेगळी झाली. अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रियेत सायलीला विज्ञान शाखेसाठी एका भागात प्रवेश मिळाला, मृण्मयीला वाणिज्य शाखेसाठी दुसऱ्या भागात. सायलीच्या मागे अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेचा क्लास लागला. रोजची रिक्षा संपली. तेव्हा रोज भेटता यावे म्हणून दोघींनी मिळून एका ढोलताशा पथकात नाव नोंदवले, आणि ही कल्पना सायलीची होती, ही गोष्ट आईच्या कथनात कुठेच आली नव्हती. पथकाचा सराव संध्याकाळी मुठेच्या नदीपात्रात चालत असे. काही आठवड्यांतच क्लासची वेळ आणि सरावाची वेळ यांचा मेळ बसेना म्हणून सायलीला पथक सोडावे लागले. मृण्मयीने ढोल सोडून ताशा घेतला आणि ती तिथेच रमली.

गणेशोत्सवापूर्वीचे दोन-तीन महिने ही पथके शहरातील किशोरवयीन मुलामुलींसाठी काय असतात, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही. तिथे मुलगे आणि मुली एका रांगेत उभे राहतात, एकाच ठेक्याशी बांधलेले असतात, दमतात, हाताला फोड येतात, पावसात भिजतात आणि सराव संपल्यावर घोळक्याने चहा-वडापाव खातात. एकट्याने एकट्याशी बोलण्याचे दडपण नसते. डेक्स्टर डन्फी या समाजशास्त्रज्ञाने 1958 ते 1960 या काळात ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात किशोरवयीन मुलांच्या गटांचा अभ्यास केला आणि 1963 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात त्याने दाखवलेला क्रम असा: आधी मुलांचे आणि मुलींचे वेगवेगळे लहान गट असतात, मग ते गट एकमेकांच्या संपर्कात येतात, मग मिश्र गट तयार होतात आणि त्यांचा मिळून एक मोठा समूह बनतो, आणि अखेरीस तो समूह विरळ होत जाऊन जोड्या उरतात. सिडनीत जे काही वर्षांत घडताना दिसले, ते आपल्याकडे एखाद्या पथकात आषाढापासून भाद्रपदापर्यंत घडून जाऊ शकते, कारण अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपते आणि दुसऱ्या दिवसापासून रोज भेटण्याचे कारणच नाहीसे होते. इतके दिवस एकत्र घालवलेल्या मुलांना ती पोकळी सोसत नाही. मोठा गट पांगतो आणि ज्यांना एकमेकांना सोडवत नाही ते दोघा-दोघांनी भेटू लागतात.

मृण्मयी आणि ओंकार यांचे असेच झाले. ओंकार बारावीत होता, 17 वर्षांचा होता आणि नव्या मुलांना ताशा शिकवत असे. विसर्जनानंतर त्याने तिला विचारले, ती हो म्हणाली, आणि पथकाच्या गटात ते 'रिलेशनशिपमध्ये' असल्याचे सर्वांना कळले. बहुतेक भेटी इतर मुलांबरोबरच झाल्या. दोघेच असे ते एकदा तळजाईच्या टेकडीवर आणि एकदा झेड ब्रिजवर भेटले, आणि हातात हात घेण्यापलीकडे काही घडले नाही. बी. ब्रॅडफर्ड ब्राउन यांनी 1999 मध्ये किशोरवयीन प्रेमसंबंधांचे जे टप्पे सुचवले, त्यांत सुरुवातीच्या टप्प्यात मूल मुख्यतः 'मी असा संबंध ठेवू शकतो का' हे आजमावत असते, आणि त्यानंतरच्या टप्प्यात 'माझ्या गटाच्या नजरेत हा संबंध कसा दिसतो' हा प्रश्न मोठा असतो. समोरच्या व्यक्तीविषयीची खोल ओढ त्यापुढे येते. मृण्मयीच्या बोलण्यात ओंकारपेक्षा पथकातील मुली काय म्हणाल्या, कोणी कोणता फोटो स्टेटसला ठेवला, कोणाला हेवा वाटला, याचेच वर्णन अधिक होते. यात उथळपणा पाहू नये. त्या वयात गटाची मान्यता हीच सुरक्षितता असते, आणि तिच्या आधारानेच मूल पुढचे पाऊल टाकते.

पहिल्या स्वतंत्र भेटीत गोपनीयतेच्या मर्यादा तिला स्पष्ट सांगितल्या. तिच्या जिवाला धोका असल्यास, किंवा तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला असल्यास वा तशी शक्यता दिसल्यास, ती गोष्ट माझ्यापुरती ठेवता येणार नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार अशी माहिती किंवा शंका असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, आणि 18 वर्षांखालील व्यक्तीची संमती या कायद्यात ग्राह्य धरली जात नाही. हे ऐकून मूल गप्प होईल अशी भीती अनेक समुपदेशकांना वाटते, परंतु माझ्या मते ते आधी न सांगणे हाच मोठा विश्वासघात ठरतो. त्यानंतर स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, कोणी जबरदस्ती केली का, नको असताना भेटायला बोलावले का, फोटो मागितले का, हे प्रश्न आडवळण न घेता विचारले. कळवणे बंधनकारक ठरेल असे काहीही तिच्या सांगण्यात आढळले नाही. डोकेदुखीसाठी आधी घरच्या डॉक्टरांकडून डोळे, रक्तातील हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घेतला होता. त्यात दोष नव्हता.

कायद्याचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. 1891 साली संमतिवयाच्या कायद्याने मुलींसाठीची मर्यादा 10 वर्षांवरून 12 वर्षांवर नेली, तेव्हा याच पुण्यात टिळक आणि आगरकर परस्परविरोधी बाजूंनी उभे होते, आणि शहर त्या वादाने ढवळून निघाले होते. वयाच्या मर्यादेवर आपण तेव्हाही तावातावाने बोललो आणि आजही बोलतो. ती मर्यादा आवश्यक आहे. परंतु त्या मर्यादेच्या आत वाढणारे मूल विश्वास ठेवायला, मन उघड करायला, नाही म्हणायला आणि नाही ऐकून घ्यायला कुठे व कोणाकडून शिकते, यावर घरात किंवा शाळेत क्वचितच बोलणे होते. 2014 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात 10 ते 19 वयोगटासाठी समवयस्क शिक्षकांची योजना आहे, म्हणजे मुले मुलांकडून शिकतात हे धोरणाने मान्य केले आहे. मग त्या शिकण्याची पहिली जागा असलेली मैत्रीही आपल्या आस्थेचा विषय व्हायला हवी.

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येऊ. ओंकारबद्दल विचारले की मृण्मयी सरळ उत्तरे देई. तो चांगला होता. घरी कळल्यावर घाबरला. त्याच्या आईला फोन गेल्यावर त्याने तिला ब्लॉक केले. बरे झाले, नाहीतरी त्याची बारावी आहे. हे सांगताना तिचा आवाज बदलत नसे. सायलीचे नाव निघाले की मात्र ती बोलायची थांबत असे, आणि बऱ्याच वेळाने जे बाहेर आले ते असे होते.

सुरुवातीला ओंकारची प्रत्येक गोष्ट सायलीला कळत होती. रात्री क्लासवरून आल्यावर सायली फोन करी आणि दोघी तासतासभर त्याच त्या गोष्टींचा कीस पाडत: त्याने असे का लिहिले, त्याचा अर्थ काय, उद्या काय म्हणावे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मैत्रिणींनी मिळून अडचणी वारंवार उगाळण्याच्या या सवयीचे दोन्ही परिणाम दिसून आले होते: त्यामुळे मैत्री अधिक घट्ट असते, आणि त्याचबरोबर चिंता व उदासीही अधिक असते. तसेच येथे झाले. सायली क्लासच्या दडपणाखाली होती, तिच्या घरातली भांडणे पुन्हा वाढली होती, आणि फोनवरचे बोलणे मात्र हळूहळू एकाच माणसाभोवती फिरू लागले होते. नंतर ते फोनही कमी झाले, कारण मृण्मयी त्या वेळेत ओंकारशी बोलत असे.

आणि त्या बोलण्यात एक दिवस तिने सायलीच्या आईवडिलांबद्दल ओंकारला सांगून टाकले. का सांगितले, असे विचारल्यावर तिला बराच वेळ उत्तर सापडले नाही. मग ती म्हणाली, "त्यानं त्याच्या घरचं सगळं सांगितलं होतं. मला पण काहीतरी तेवढंच मोठं सांगायचं होतं. माझ्या घरी तसं काही नव्हतं." या वाक्याजवळ थांबणे आवश्यक आहे. नवी जवळीक गुपितांच्या देवाणघेवाणीवर वाढते, हे मृण्मयी सायलीच्या मैत्रीतूनच शिकली होती. आणि तीच शिकलेली गोष्ट तिने ओंकारबरोबर वापरली, फक्त या वेळी हाताशी असलेले सर्वांत मौल्यवान गुपित तिचे स्वतःचे नव्हते. त्यात दुष्टपणा नव्हता. एका नात्यातील विश्वास दुसऱ्या नात्यात नेता येतो, परंतु त्या विश्वासाने ठेवायला दिलेली गोष्ट नेता येत नाही, हा भेद 16 व्या वर्षी प्रत्येकाला आपोआप कळत नाही, आणि मोठ्यांनी तो कधी सांगितलेलाही नसतो.

दिवाळीच्या सुमारास पथकातील मुलांबरोबर सायलीचीही भेट झाली तेव्हा ओंकारने चांगुलपणाने तिला "तुझ्या घरचं कळलं, काही लागलं तर सांग" असे म्हटले. सायलीने त्यावर काही उत्तर दिले नाही. दोन दिवसांनी तिने स्वतःच्या आईला मृण्मयी आणि ओंकारबद्दल सांगितले, आणि तिच्या आईने ते त्याच संध्याकाळी मृण्मयीच्या आईला कळवले.

मृण्मयीच्या आईने त्या रात्री फोन हातात घेतला आणि सगळे संदेश वाचून काढले. ओंकारच्या आईला फोन केला. वडिलांना मात्र काही सांगितले नाही, कारण त्यांचा राग तिला ठाऊक होता. आणि नंतरच्या दिवसांत ती मृण्मयीला वारंवार म्हणत राहिली की खरी मैत्रीण कशी असते ते सायलीकडून शिक, तिने तुला वाचवले. हे आईने प्रामाणिकपणे म्हटले होते, पण मृण्मयीला सर्वांत खोल जखम याच वाक्याने झाली, कारण त्यात तिच्या दुःखाला जागाच उरली नाही. मुलगा गेला म्हणून ती रडत आहे असे घर समजत होते. प्रत्यक्षात समोरच्या इमारतीतील खिडकीत रोज दिवा लागत होता आणि तिथे जी राहत होती तिच्याशी बोलता येत नव्हते. वर तिला स्वतःलाच ठाऊक होते की आधी विश्वास तिने मोडला. ही अपराधी भावना ती कोणापुढे व्यक्त करणार? आईला सांगायचे तर सायलीच्या घरचे गुपित पुन्हा उघड करावे लागले असते.

वायंडल फरमन आणि ड्यूएन बर्मेस्टर यांनी 1992 मध्ये वेगवेगळ्या वयांच्या मुलांच्या आधाराच्या नात्यांची तुलना केली, तेव्हा दहावीच्या वयातील मुलांसाठी आधार देणाऱ्यांत आपल्याच लिंगाचे मित्रमैत्रिणी आघाडीवर असल्याचे आढळले. प्रियकर-प्रेयसीचे नाते वरच्या क्रमांकांवर येते ते महाविद्यालयीन वयात. हे निष्कर्ष अमेरिकेतील मुलांचे आहेत आणि ते जसेच्या तसे कर्वेनगरला लागू करू नयेत. तरीही 16 वर्षांच्या मुलीने सर्वांत मोठा आधार कोणता गमावला असेल, याचा अंदाज बांधताना घरच्यांनी मुलाचेच नाव का गृहीत धरावे, असा प्रश्न ते नक्कीच उपस्थित करतात.

आईबरोबरचे काम अधिक कठीण होते. ती निष्ठुर नव्हती. तिच्या माहेरी एका चुलत बहिणीचे शिक्षण अशाच कारणावरून थांबवून घाईने लग्न लावले गेले होते, आणि ते मृण्मयीच्या वाट्याला येऊ नये याच भीतीने ती वागत होती. तिच्याशी बोलताना स्वीडनमधील हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर यांच्या 2000 मधील अभ्यासाचा उपयोग झाला. पालकांना मुलांच्या दिनक्रमाबद्दल जे खरोखर ठाऊक असते ते प्रामुख्याने पाळत किंवा चौकशीतून आलेले नसते. मुलाने आपणहून सांगितलेले असते, असे त्या अभ्यासातून दिसले होते. फोन काढून घेतल्यानंतर मृण्मयीने वर्गातील एका मुलीच्या फोनवर इन्स्टाग्रामचे दुसरे खाते उघडले होते, हे तिने मला सांगितले आणि पुढे स्वतःच आईलाही सांगितले. पहाऱ्यामुळे आईला कळण्यासारख्या गोष्टी कमी झाल्या होत्या. मुलीच्या आयुष्यातून त्या गेल्या नव्हत्या.

आईला मी एवढेच सुचवले की काही आठवडे ओंकारचा विषय काढू नये आणि सायलीची स्तुती थांबवावी. फोनबद्दल दोघींनी समोरासमोर बसून ठरवले: रात्री 10 नंतर तो बैठकीच्या खोलीत राहील, कुलूपशब्द आईला माहीत असेल, परंतु जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका वाटल्याखेरीज आई संदेश वाचणार नाही, आणि वाचलेच तर आधी सांगेल. कुठे, कोणाबरोबर आणि कधी परत येणार, हे मृण्मयी न विचारता सांगेल. आजीने या ठरावात आपणहून भर घातली की मुलगी घरी आल्यावर पहिला अर्धा तास कोणी तिला काही विचारायचे नाही. ही सूचना अतिशय शहाणपणाची होती आणि ती कोणत्याही पुस्तकातून आलेली नव्हती.

मृण्मयीबरोबर बोलण्याचा मोठा भाग तिच्या वाट्याच्या चुकीवर गेला. तिची समजूत घालणे सोपे होते: तू लहान आहेस, होते असे, सायलीनेही सांगितलेच की. पण तिला दिलासा नको होता. आपण काय केले ते कोणीतरी नीट ऐकून घ्यावे अशी तिची इच्छा होती. तिने सायलीला एक पत्र लिहिले आणि ते अनेकदा बदलले. पहिल्या मसुद्यात अर्ध्याहून अधिक मजकूर सायलीने काय केले याचा होता. शेवटच्या मसुद्यात तो नव्हता. पत्र द्यायचे की नाही हे तिच्यावर सोपवले होते. ओंकारबद्दलही आम्ही बोललो, पण वेगळ्या अंगाने: त्याच्याशी बोलताना कधी नकोसे वाटले का, वाटले तर सांगता आले का, भेटीचा वेग कोण ठरवत होते. तिच्या उत्तरांतून असे दिसले की मिश्र गटात असताना ती मोकळेपणाने नाही म्हणू शकत होती, दोघेच असताना ते तिला अवघड जात होते. पुढे कोणाशीही जवळीक झाली तर तिला याच ठिकाणी बळ लागणार आहे, आणि ते देण्यासाठी भेटीगाठींवर सरसकट बंदी घालून उपयोग होत नाही.

ओंकारशी कोणीच बोलले नाही, ही या प्रकरणातील उणीव आहे. त्याच्या घरच्यांनी त्याला रागे भरून बारावीच्या अभ्यासाला बसवले एवढे कळले. नायोबी वे यांनी मुलग्यांच्या मैत्रीवर केलेल्या दीर्घ संशोधनातून 2011 मध्ये असे मांडले की, किशोरवयाच्या सुरुवातीला मुलगेही मित्रांशी अगदी मनातले बोलतात, परंतु वय वाढते तसे पुरुषाने असे बोलू नये या दडपणाखाली ती मैत्री गमावत जातात, आणि ती गमावल्याचे दुःखही त्यांना असते. स्वतःच्या घरचे सगळे ओंकारने मृण्मयीला सांगितले होते. ते सांगायला त्याला दुसरा कोणी मित्र होता का, हे मला ठाऊक नाही, पण त्याच्या आईने ते शोधायला हवे होते असे वाटते.

जानेवारीच्या अखेरीस मृण्मयीने पत्र दिले. सायलीने ते घेतले आणि बराच काळ काही उत्तर दिले नाही. मग एकदा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीजवळ दोघी भेटल्या, तेव्हा सायली म्हणाली की आपण स्वतःच्या आईला सांगितले ते काळजीने सांगितले असे सगळे म्हणतात, पण ते खरे नाही, रागाने सांगितले. मृण्मयीच्या मते त्या एका वाक्याने तिला महिन्याभराच्या समजुतींपेक्षा अधिक बरे वाटले. मैत्री पूर्वीसारखी झालेली नाही. दोघी कधीमधी बोलतात, सायलीच्या घरच्या विषयावर बोलत नाहीत, आणि सायलीने तिच्या महाविद्यालयात नवी मैत्रीण केली आहे, याचा मृण्मयीला त्रास होतो.

डोकेदुखी फेब्रुवारीपर्यंत बरीच कमी झाली, झोप सुधारली आणि वार्षिक परीक्षेत ती सर्व विषयांत व्यवस्थित उत्तीर्ण झाली, जरी दहावीचे गुण परत आले नाहीत. पथकात यंदा पुन्हा नाव नोंदवायचे का, यावर घरात चर्चा चालू आहे. आईची एक अट आहे की सराव संपल्यावर आणायला ती स्वतः जाईल, आणि मृण्मयीला ती अट मान्य आहे, फक्त आईने गाडी थोडी लांब उभी करावी असे तिचे म्हणणे आहे. वडिलांना अजूनही काही ठाऊक नाही. आईला वाटते ते कधीच कळू नये, मृण्मयीला वाटते की ते तिने स्वतः सांगावे, आणि पुढच्या भेटींत याच प्रश्नावर काम करायचे ठरले आहे.